कुलूप, किल्ली आणि इमान

कुलूप ही वस्तू आपल्या इतक्या रोजच्या परिचयाची आहे की, तिला काही इतिहास असेल असे आपल्या मनातही येत नाही. सकाळी व्यापारी दुकानाचे कुलूप काढतो, रात्री घरातील कर्ता माणूस कडी-कोयंडा तपासून मगच अंथरुणाला पाठ टेकतो, शाळेचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवून फिरतो. या सर्वांकडे आपण विश्वासाने पाहतो. परंतु किल्लीविना कुलूप उघडणाऱ्या माणसाचा विषय निघाला की मात्र आपल्या कपाळाला आठी पडते. असा माणूस चोरच असला पाहिजे, निदान उद्या चोर होणार, अशी आपली ठाम समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे इतिहासाच्या आधारे पडताळून पाहावे, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय मला का सुचला, हे आधी सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत नोकरीस होतो. शाळेचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली हरवली. कपाट फोडण्याचा विचार चालू असतानाच नववीतील एक मुलगा भीत भीत पुढे आला. त्याचे वडील बाजारात रस्त्याच्या कडेला बसून किल्ल्या करून देत असत. मुलाने सायकलच्या चाकाची एक तार वाकविली, दुसरी दगडावर ठोकून चपटी केली, कुलपाजवळ कान नेला आणि पाच-सात मिनिटांत कुलूप उघडले. कपाटावर साधा ओरखडाही उठला नाही. आम्ही सर्व शिक्षकांनी त्याची पाठ थोपटली.

त्यानंतर दोन महिन्यांनी सहलीसाठी जमविलेले पैसे एका टेबलाच्या खणातून नाहीसे झाले. खणाचे कुलूप जसेच्या तसे होते. झाले! सर्वांच्या नजरा त्याच मुलाकडे वळल्या. त्याचे दप्तर तपासण्यात आले, वडिलांना बोलावण्यात आले. वडील हातातील टोपी चुरगाळत उभे होते. मुलाची पाठ थोपटणाऱ्यांत मी होतो. आणि त्या दिवशी जे गप्प बसले त्यांतही मी होतो. चौथ्या दिवशी उलगडा झाला. पैसे चोरीस गेलेच नव्हते. ज्यांच्याकडे ते सोपविले होते त्यांनी ते दुसऱ्या कपाटात ठेवले होते आणि ते रजेवर गेले होते. पैसे सापडले, परंतु मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. कुलूप उघडता येणे हाच त्याच्याविरुद्धचा एकमेव पुरावा होता. तो पुरावा किती पोकळ होता, हे मला पुढे या विषयावरील वाचनातून समजत गेले.

किल्ली ही अमानत

कुलपाची परंपरा फार जुनी आहे. मेसोपोटेमियातील खोर्साबाद येथे राजा दुसरा सारगॉन याने इ. स. पूर्व आठव्या शतकात बांधलेल्या राजवाड्याच्या अवशेषांत लाकडी कुलूप आढळले. प्राचीन इजिप्तमध्येही याच जातीची कुलपे होती. त्यांची रचना समजण्यास सोपी आहे. दाराच्या अडसराला वरून भोके पाडलेली असत. अडसर सरकवून दार लावले की, वरच्या ठोकळ्यातील लाकडी खुंट्या आपल्या वजनाने त्या भोकांत पडत आणि अडसर जागच्या जागी अडकून राही. किल्ली म्हणजे तशाच खुंट्या ठोकलेली एक लाकडी पट्टी. ती आत सारून वर उचलली की पडलेल्या खुंट्या वर जात आणि अडसर मोकळा होई. आज आपल्या दाराला जे पितळी कुलूप असते, त्यातील बऱ्याच कुलपांचे तत्त्व हेच आहे, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

किल्ली जवळ असणे म्हणजे मालकी नव्हे, ती जबाबदारी होय, हा विचारही तितकाच जुना आहे. हिजरी सन ८ मध्ये, म्हणजे इ. स. ६३० साली, मक्का शहर हाती आल्यावर हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्याकडे काबागृहाची किल्ली आली. विजेत्याने ती आपल्या माणसाकडे सोपविली असती तर कोणालाच नवल वाटले नसते. परंतु त्यांनी ती पूर्वापार किल्ली सांभाळणाऱ्या घराण्यातील उस्मान बिन तल्हा यांना परत केली, असे चरित्रकार सांगतात. ज्याची अमानत त्याला पोहोचती करावी, हा कुराणातील आदेश याच प्रसंगाशी जोडला जातो. ती किल्ली आजही त्याच बनू शैबा घराण्याकडे आहे. राज्ये आली, राज्ये गेली, कुलपे बदलली, जुन्या किल्ल्या इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात जाऊन बसल्या. पण अमानत चालू राहिली.

आपल्या मराठी नाट्यरसिकांना ‘मृच्छकटिका’तील शर्विलक आठवत असेल. शूद्रकाने रंगविलेला हा चोर आपल्या विद्येत पंडित आहे. चारुदत्ताच्या घराची भिंत तो एखाद्या कारागिराच्या डौलाने फोडतो. तरीही त्याच्या हातून घडते ते पापच, कारण तो जे दागिने नेतो ते चारुदत्ताकडे विश्वासाने ठेवलेले असतात. दोष त्याच्या कौशल्यात नसतो. दुसऱ्याच्या ठेवीला त्याने हात घातला, यात तो असतो. हा भेद मनात ठेवून पुढील इतिहास पाहिला पाहिजे.

अक्षरांनी उघडणारे कुलूप

किल्लीच नको, म्हणजे ती हरवायला नको आणि तिची नक्कलही व्हायला नको, ही कल्पना मध्ययुगातील मुस्लिम कारागिरांनी प्रत्यक्षात उतरविली. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे ‘डेव्हिड कलेक्शन’ नावाचे संग्रहालय आहे. तेथे इस्फहान येथे घडविलेली एक पितळी पेटी आहे. तिच्यावर हिजरी ५९७ (इ. स. १२००-०१) हे साल आणि कारागिराचे नाव कोरलेले आहे : मुहम्मद बिन हामिद अल् अस्तुरलाबी. पेटीच्या झाकणावर चार तबकड्या आहेत. त्या ठरलेल्या जागी आणल्या तरच पेटी उघडते. ‘अस्तुरलाबी’ म्हणजे ताऱ्यांची उंची मोजण्याचे यंत्र बनविणारा. आकाशाचे माप घेणाऱ्या माणसाने कुलूप केले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

यानंतर थोड्याच वर्षांनी, इ. स. १२०६ मध्ये, दियारबकर येथील दरबारात अल् जझरी या यंत्रविशारदाने आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. पाणघड्याळे, पाणी उपसण्याची यंत्रे यांच्या जोडीला त्याने या ग्रंथात पेटीसाठी अक्षरांनी उघडणाऱ्या कुलपाची रचना आकृतीसह दिली आहे. आज प्रवासी बॅगेला आपण आकड्यांचे कुलूप लावतो, त्याचे हे पूर्वज होत. असे कुलूप रचणाऱ्याला आधी स्वतःशी एक प्रश्न विचारावाच लागतो : ‘हे मला माहीत नसते तर मी कसे उघडले असते?’ ज्याने हा प्रश्न विचारला नाही, त्याचे कुलूप शोभेपुरतेच राहते.

लंडनचे आव्हान

या प्रश्नाचे खरे महत्त्व युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सिद्ध झाले. इंग्लंडमध्ये १७७८ साली रॉबर्ट बॅरन याने नव्या पद्धतीच्या कुलपाचे पेटंट घेतले. त्यातील पट्ट्या, ज्यांना आपण आज ‘लिव्हर’ म्हणतो, किल्लीने नेमक्या उंचीवर उचलाव्या लागत. कमी उचलल्या तरी कुलूप उघडत नसे, जास्त उचलल्या तरी उघडत नसे. १७८४ मध्ये जोसेफ ब्रॅमा याने याहून अवघड कुलूप काढले. पुढे त्याने ते लंडनमधील पिकॅडिली रस्त्यावरील आपल्या दुकानाच्या काचेत टांगले आणि जाहीर केले की, जो कोणी किल्लीविना हे उघडील त्याला दोनशे गिनी बक्षीस मिळतील. ते कुलूप साठ वर्षे बंदच राहिले.

१८१७ साली पोर्टस्मथच्या सरकारी गोदीत चोरी झाली. तेव्हा ब्रिटिश सरकारने न उघडणाऱ्या कुलपासाठी बक्षीस लावले आणि जेरेमाया चब याने १८१८ मध्ये आपले प्रसिद्ध कुलूप सादर केले. कोणी खटपट केली की हे कुलूप आतून अडकून बसे आणि मालकाला दुसऱ्या दिवशी खरी किल्ली लावताच ते कळे. ज्याचा मूळ धंदा कुलपांचा होता अशा एका कैद्याला सांगण्यात आले की, हे उघडलेस तर तुझी शिक्षा माफ होईल. तो दोन-तीन महिने झटला आणि शेवटी त्याने हात टेकले. आता इंग्लंडची कुलपे अजिंक्य झाली, असे सर्वांनी धरून चालले.

१८५१ साली लंडनला जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी अमेरिकेहून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा गृहस्थ आला होता. तो एका कुलपांच्या कंपनीचा प्रतिनिधी होता. २२ जुलै १८५१ रोजी त्याने साक्षीदारांसमक्ष चबचे कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले आणि सात मिनिटांत पुन्हा लावून दाखविले. मग तो ब्रॅमाच्या कुलपाकडे वळला. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास त्याने त्यावर काम केले आणि ऑगस्ट महिन्यात तेही उघडले. पंचांनी निकाल त्याच्या बाजूने दिला व दोनशे गिनी त्याला मिळाल्या.

लंडनमध्ये एकच खळबळ उडाली. बँका, सावकार, जवाहिरे हवालदिल झाले. हॉब्जवर टीका झाली की, अशा गोष्टी चारचौघांत करून तो चोरांना धडे देत आहे. १८५३ साली त्याचा कुलपांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात या आक्षेपाला उत्तर आहे. त्याचा आशय असा की, चोर आपल्या धंद्यात आधीच वाकबगार असतात. कुलपातील उणीव लपवून ठेवली तर ती फक्त प्रामाणिक गिऱ्हाइकापासून लपते. काळाने हॉब्जची बाजू खरी ठरविली. आपली कुलपे उघडली गेली म्हणून इंग्रज कारागीर नव्या जोमाने कामाला लागले. पुढे खुद्द हॉब्जच्या कंपनीचे नावाजलेले कुलूपही अमेरिकेतील लायनस येल (धाकटा) याने उघडून दाखविले. याच येलने १८६१ व १८६५ साली पेटंट घेऊन जे कुलूप आणले, त्याची लहान चपटी, दातेरी किल्ली आज जगभर प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यात खुंट्या आहेत, त्या स्प्रिंगने खाली येतात, किल्लीने वर जातात. म्हणजे इजिप्तचे लाकडी कुलूपच पितळेत अवतरले! बॅरनपासून येलपर्यंतच्या वाटचालीत कुलूप पुढे सरकले ते ते बंद राहिले म्हणून नव्हे. कोणीतरी प्रामाणिकपणे ते उघडले आणि तसे उघडपणे सांगितले, म्हणून.

राजाचा छंद आणि शास्त्रज्ञाचा छंद

हॉब्जचा तो धंदा होता. पण पोटासाठी नव्हे, निव्वळ आवडीपोटी कुलपांत रमलेली माणसेही इतिहासात आहेत. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याला राज्यकारभारापेक्षा लोहारकामाची गोडी अधिक होती. व्हर्साय येथील राजवाड्यात त्याने स्वतःची कार्यशाळा केली होती आणि गामँ नावाच्या कारागिराकडून तो कुलपे घडविण्यास शिकला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याने तुईलरी राजवाड्याच्या भिंतीत गुप्त कागदपत्रांसाठी लोखंडी कपाट बसवून घेतले. त्याचे रहस्य गामँला ठाऊक होते. नोव्हेंबर १७९२ मध्ये त्याने ते क्रांतिकारकांच्या मंत्र्याला सांगून टाकले. ती कागदपत्रे राजाविरुद्ध पुढे आली आणि २१ जानेवारी १७९३ रोजी राजाचा शिरच्छेद झाला. राजाचे कपाट कोणी तार घालून उघडले नाही. ते उघडले ते माणसाच्या तोंडून. कुलूप कितीही पक्के असो, शेवटची किल्ली माणसाच्या इमानातच असते.

दुसरे उदाहरण नोबेल पारितोषिक विजेते शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेतील लॉस आलामॉस येथे अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम करीत होते. जगातील अत्यंत गुप्त कागद तेथे साध्या कुलपांच्या कपाटांत ठेवलेले असत. फाइनमन यांना कुलपे उघडण्याचा छंद जडला. आकड्यांच्या कुलपांचा अभ्यास करून ते सहकाऱ्यांची कपाटे उघडून दाखवीत आणि ही व्यवस्था कच्ची आहे असे बजावीत. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याची हकिगत सांगितली आहे. तिजोरी उघडी ठेवून काम केले तर तिचे आकडे सहज काढता येतात, हे त्यांनी त्या अधिकाऱ्याला प्रत्यक्ष दाखविले. पुढे त्या अधिकाऱ्याने काय केले? तिजोऱ्या बंद ठेवण्याची शिस्त लावण्याऐवजी, फाइनमन ज्यांच्या ज्यांच्या खोलीत येऊन गेले असतील त्यांनी आपले आकडे बदलावेत, असा हुकूम काढला! उणीव दाखविणाऱ्यावरच संशय घ्यायचा, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. ही हकिगत वाचली तेव्हा मला आमच्या शाळेतील तो टेबलाचा खण आठवला.

लालबाग आणि अलीगढ

आपल्या देशाकडे वळू या. मुंबईचे अर्देशिर गोदरेज हे शिक्षणाने वकील. १८९४ साली ते वकिलीसाठी झांजिबारला गेले. परंतु स्वतःला खरे वाटत नाही ते न्यायालयात मांडणे त्यांना जमेना. वकिली सोडून ते परतले. शस्त्रक्रियेची अवजारे बनविण्याचा पहिला उद्योग त्यांना बंद करावा लागला, कारण आपल्या मालावर तो हिंदुस्थानात झाल्याची मोहोर असावी हा त्यांचा आग्रह गिऱ्हाइकाला मान्य नव्हता. मुंबईतील घरफोड्यांविषयीचा मजकूर वर्तमानपत्रात वाचून त्यांचे लक्ष कुलपांकडे गेले आणि १८९७ साली लालबाग येथील लहानशा शेडमध्ये त्यांनी कुलपांचा कारखाना सुरू केला. आपले कुलूप किल्लीविना उघडणार नाही, अशी हमी ते देऊ लागले. आता विचार करा : अशी हमी देणाऱ्या कारखान्यात कुलपे उघडून पाहणारा माणूस नसेल, तर ती हमी कोणत्या भरवशावर द्यावयाची? स्प्रिंग झिजते, तुटते, हे जाणून पुढे त्यांनी स्प्रिंगविना चालणारे कुलूप काढले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी (१९५१-५२) लागणाऱ्या पोलादी मतपेट्याही याच कंपनीने मोठ्या संख्येने तयार केल्या. वकिलीत खोटे बोलायचे नाही म्हणून कुलपांकडे वळलेल्या माणसाच्या कारखान्यावर देशाने आपले मत सुरक्षित ठेवण्याचे काम सोपवावे, हा योगायोग सुंदर आहे.

उत्तरेत अलीगढ हे कुलपांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील गल्लोगल्ली कानस आणि हातोडीचा आवाज चालतो, आणि या कामात मुस्लिम कारागिरांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या आहेत. दक्षिणेत तमिळनाडूतील दिंडिगलच्या हातबनावटीच्या कुलपांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अलीगढचे नाव घेताच आपल्याला सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली तेथे सुरू केलेले विद्यालय आठवते, ज्याचे १९२० मध्ये विद्यापीठ झाले. एकाच शहरात कुलूप घडविणारे हात आणि ज्ञानाचे दार उघडणारी संस्था शेजारी शेजारी नांदत आहेत. परंतु त्या हातांतील किती मुले त्या दारातून आत गेली, हा प्रश्न शिक्षणसंस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे, आणि तो केवळ अलीगढपुरता नाही.

शिंगणापूरची उघडी घरे

कुलपाच्या इतिहासात आपल्या अहमदनगर जिल्ह्याचे (२०२४ पासून अहिल्यानगर) एक आगळे पान आहे. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव घरांना दारे नसल्याबद्दल देशभर ओळखले जाते. चौकट आहे, पण तीत दार नाही. कुत्री-मांजरे येऊ नयेत म्हणून फार तर एखादी फळी किंवा पडदा. गावाचे रक्षण शनिदेव करतात, ही ग्रामस्थांची श्रद्धा. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने तेथे शाखा उघडली, तेव्हा कुलूप नसलेली बँक म्हणून तिची सर्वत्र चर्चा झाली.

काळाबरोबर तेथेही बदल होत गेले. यात्रेकरूंची गर्दी वाढली. २०१० साली एका यात्रेकरूने आपल्या गाडीतून रोकड व चीजवस्तू गेल्याची तक्रार नोंदविली. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे सुरू झाले. यावरून कोणी त्या श्रद्धेची थट्टा करू नये. शेजाऱ्याच्या उघड्या घरात आपण पाऊल टाकायचे नाही, हे ज्या गावात लहान मुलालाही शिकवावे लागले नाही, त्या गावाने कुलूप न घडविताही सुरक्षिततेचे मूळ तत्त्व जपले. लोखंडाचे कुलूप परक्यासाठी असते. ओळखीच्या माणसाला थांबविते ते त्याचे इमान. माझ्या दृष्टीने लंडनच्या दुकानातील ते अजिंक्य कुलूप आणि शिंगणापूरची ती उघडी चौकट एकाच इतिहासाची दोन टोके आहेत.

छंद आणि त्याचे नियम

आज जगात कुलपे उघडणे हा रीतसर छंद झाला आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे १९९७ साली अशा हौशी मंडळींनी संघटना स्थापन केली. नेदरलँड्समध्येही अशीच संघटना उभी राहिली. बुद्धिबळाच्या स्पर्धा व्हाव्यात तशा यांच्या स्पर्धा होतात. ठरलेल्या वेळात कोण किती कुलपे उघडतो ते पाहिले जाते. सभासदांत अभियंते असतात, विद्यार्थी असतात, संगणकावर काम करणारे असतात.

या छंदामागील शास्त्र ऐकण्यासारखे आहे. कुलपातील सर्व खुंट्या एकाच रेषेत असाव्यात, असे कागदावर ठरलेले असते. परंतु कारखान्यात केसाएवढा फरक राहतोच. त्यामुळे कुलपावर हलका ताण दिला की सगळ्या खुंट्या एकदम न अडकता एकेकटी अडकते. बोटांनी ती ओळखायची, जागेवर आणायची, मग पुढची शोधायची. जोर लावला की काम बिघडते. डोळ्यांना काही दिसत नाही. बोटे आणि कान यांवरच सारी भिस्त. संयम, एकाग्रता आणि हाताची नजाकत यांचे याहून चांगले शिक्षण क्वचितच मिळेल. भूमितीच्या तासाला जो मुलगा दहा मिनिटे स्थिर बसत नाही, तो एका बंद कुलपापुढे तासभर मान वर करीत नाही, हे कोणीही अनुभवून पाहावे.

या मंडळींचे दोन नियम सर्वत्र सारखे आहेत. पहिला : जे कुलूप आपले नाही, ते मालकाच्या परवानगीवाचून उघडायचे नाही. दुसरा : जे कुलूप वापरात आहे, म्हणजे ज्याच्या भरवशावर कोणाचे घर वा वस्तू आहे, त्याच्यावर हात चालवायचा नाही. दुसऱ्या नियमाला व्यावहारिक कारणही आहे. शिकाऊ हाताने कुलूप बिघडले तर मालक दाराबाहेर राहतो. हे नियम वाचताना मला वाटले की, आपल्याकडे यांना फार जुने नाव आहे. अमानत!

उशिरा मिळालेला दाखला

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी त्या मुलाच्या टपरीवर गेलो. वडिलांच्या हाताला आता कंप सुटला आहे, म्हणून तोच बसतो. खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, पुढ्यात कानस, चिमटा आणि लहानसा वाइस. मी घरचे एक अडकलेले कुलूप नेले होते. ‘‘सर, बसा,’’ एवढेच तो म्हणाला. चाचांनी चहा मागविला.

माझ्या आधी एक गिऱ्हाईक उभे होते. त्याने मेणावर उमटविलेला किल्लीचा ठसा पुढे केला. मुलाने तो हातातही घेतला नाही. ‘‘किल्ली आणा, नाहीतर कुलूप आणा. ठशावरून आम्ही करत नाही,’’ असे म्हणून त्याने त्याला वाटेला लावले. हा नियम त्याला हॅम्बुर्गच्या संघटनेने शिकविला नव्हता.

मी धीर करून म्हणालो, ‘‘त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं.’’ त्याचे कानस घासणे थांबले नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘‘सर, कपाटाचं कुलूप तुम्ही सांगितलं म्हणून उघडलं. खणाचं कोणी सांगितलंच नव्हतं.’’ मग कुलूप माझ्या हातात देऊन त्याने सांगितले, ‘‘वीस रुपये झाले.’’ मी दिले. त्याने ते इतर कोणाही गिऱ्हाइकाचे घ्यावेत तसे घेतले, आणि मला ते योग्य वाटले.

उठताना मी दहावीचा विषय काढला. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येते, हे त्याला ठाऊक होते. परंतु त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि तो आणायला त्या शाळेत जाण्याची त्याची तयारी नव्हती. मी त्याच्याकडून आणि चाचांकडून अर्जावर सह्या घेतल्या आणि दाखला आणायला स्वतः गेलो. दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्यात ‘चांगली’ असे लिहून मिळाले. ज्या मुलाचे दप्तर आम्ही उलटेपालटे केले होते, त्याला हा एक शब्द मिळायला चार वर्षे लागली.

वाचकहो, आपल्या समाजात कुलूपवाले, लोहार, गवंडी, मेकॅनिक यांची मुले पुष्कळ आहेत. त्यांच्या बोटांत घरचा हुनर असतो आणि वर्गात आल्यावर त्यांना तो लपवावासा वाटतो. आपल्या संस्थांनी शाळेत आठवड्याला एक तास कार्यशाळेचा ठेवावा, जुनी कुलपे आणून मुलांपुढे ठेवावीत, ती कशी चालतात हे खोलून दाखवावे, आणि त्याच तासाला वरील दोन नियमही शिकवावेत. ज्याला उघडता येते आणि तरीही जो परवानगीवाचून उघडत नाही, त्याच्याच प्रामाणिकपणाची खरी परीक्षा झालेली असते. आणि पुढे कधी एखाद्या खणातून काही हरवले, तर कोणाला कुलूप उघडता येते हे विचारण्याआधी, ते खरोखरच चोरीस गेले आहे का, एवढे आपण मोठ्या माणसांनी पाहावे.

फॉर्म भरून झाला आहे. बीजगणित त्याला थोडे जड जाते. रविवारी सायंकाळी टपरी बंद करून तो माझ्या घरी येतो.